लाईट गेल्यावर टिकणारा

जुना लॅपटॉप सुरू केला की पंख्यातून तापलेल्या धुळीचा वास येतो आणि नांदेडच्या बाजारातलं ते सेकंडहँड दुकान आठवतं. लातूरला क्लास लावला तेव्हा माझे वडील, अप्पा, मला तिथे घेऊन गेले होते. दुकानदार चाचांनी दोन लॅपटॉप मांडले. "हा आय-फाइव्ह लई पळतोय, पण दीड तासात बॅटरी खलास. हा आय-थ्री हळू हाय, पण वीज कमी खातोय. चार तास आरामात." अप्पांनी एकच विचारलं, "लाईट गेल्यावर कोणता टिकतोय?" आणि हळूवाला उचलला. "तुम्हाला काय कळतंय यातलं?" मी चाचांसमोरच म्हणाले. लोह्यापर्यंत एसटीत अप्पांनी लॅपटॉपची पिशवी मांडीवरच धरून ठेवली. पुढे लातूरला त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न हाच असायचा, "टिकतोय ना?" मी म्हणायचे, "टिकतोय, पण रडवतोय." अप्पा गेल्यावर आईने सांगितलं, त्र्याण्णवच्या भूकंपात ढिगाऱ्याखालून आत्याचा आवाज येत होता, अप्पा हातांनी दगड उपसत होते, आणि टॉर्चचे सेल संपले. उजाडलं तेव्हा आवाज थांबला होता. आता कधीतरी मी लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवते, आणि तो विझेपर्यंत समोर बसून राहते.