चुलीवरची नळी

पोरीच्या शौचात रक्त पडलं तेव्हा मी सासूच्या हातातला कडुनिंबाचा डहाळा हिसकावून परसात फेकला. देवी आल्या असं समजून सहा दिवस आम्ही घरात मासळी शिजवली नव्हती, औषधाचं नाव काढलं नव्हतं. सात वर्षांच्या पोरीच्या पायांवर जांभळे डाग, घोटे सुजलेले, पोटात कळा. चूक एकट्या सासूची नव्हती. कडुनिंब मीच तोडून आणला होता.

मांडव्याच्या डॉक्टरला जवळजवळ ओढतच आणला. सासू दारात आडवी.

"आई आलीय. परका मानूस आत न्हाय."

"आजी, देवी तोंडावर उठतात. हिचं तोंड स्वच्छ आहे."

"माझ्या घरची आई, तुला काय ठावं?"

तो तिच्या बगलेतून आत शिरला. काचेचा पेला डागावर दाबला. डाग गेला नाही.

"कातडीखाली रक्त साकळलंय. अंगाला काहीतरी वावडं झालंय. काही पोरं नुसती पडून राहून बरी होतात. हिच्या आतड्यातून रक्त जातंय, हिला मुंबईत आलेल्या नव्या गोळ्या लागतील. पोटातलं रक्त थांबेल. पण हा आजार पुढे मूत्रपिंडही धरतो, त्याचं मी सांगू शकत नाही."

नवरा लाँचनं मुंबईला धावला, दुसऱ्या दिवशी गोळ्या घेऊन आला. तीन दिवसांत रक्त बंद! मी भर दुपारी शेजारणींना हाका मारून सांगितलं.

पण मूत्रपिंड राहिलं होतं. डॉक्टरनं काचेची नळी आणि आंबट औषधाची बाटली दिली. रोज सकाळी लघवी उकळायची, वर एक थेंब टाकायचा. थेंबानंतरही पांढरं राहिलं तर मूत्रपिंड धरलं.

"चुलीवर मूत शिजवतेस? लाज हाय का?" सासू ओरडली. चौथ्या दिवसापासून तीच माझ्याआधी चुलीपाशी बसू लागली. "दुधागत फुटलं का गो?"

"न्हाय."

अकराव्या सकाळी नळी दुधासारखी पांढरी झाली. सासूनं माझा दंड इतका आवळला की वळ उठले.

"थेंब टाक, थेंब!"

टाकला. पांढरं विरलं, नळी पाण्यासारखी नितळ झाली. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. पोर म्हणाली, "माझ्या मुताला काय हसता?"

पुढे सहा महिने मी नळी उकळली. एकदाही पांढरं राहिलं नाही.

पोर जगली. सासू त्यानंतर दोन वर्षांनी गेली. मी अजून आहे.