तबेल्यासाठी चार पुस्तकं

वस्तादांना कोणी पुस्तकं निवडायला सांगेल, असं खुद्द वस्तादांच्याही स्वप्नात आलं नव्हतं. रायडिंग स्कूलच्या तबेल्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस. कोणत्या पायाची नाळ सैल झालीय ते घोड्याच्या चालीवरून लांबूनच ओळखणारा. वाचता छान यायचं, पण वाचायचं ते औषधाच्या डब्यावरचं, आणि तेही कोणी हुज्जत घातली तरच. पण मालकांच्या सूनबाईंनी कारभार हातात घेतला आणि ऑफिसात एक कपाट आणून ठेवलं. घोड्यांची निगा, घोड्यांचे आजार, असल्या पुस्तकांसाठी. दुकानदाराने अकरा पुस्तकांचा खोका पाहायला पाठवला होता. त्यातली चार ठेवायची आणि बाकीची सोमवारी परत करायची.

"वस्ताद, तुम्हीच निवडा," सूनबाई म्हणाल्या. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. नवीन माणसं येतील ती हीच वाचून शिकतील. खोटं काही असलं तर ते तुम्हालाच कळणार."

झालं! वस्तादांची छाती फुगली. खोका खांद्यावर मारून ते घरी आले. घर म्हणजे तबेल्याच्या मागच्या दोन खोल्या. नोकरी तिथली, छप्पर तिथलं, नळाचं पाणीही तिथलंच. नोकरी गेली की त्याच संध्याकाळी खोल्या रिकाम्या करायच्या, हा करार. खिडकी एकच, आणि तीही घोड्यांकडे उघडणारी. बायको म्हणायची, "लोकांना एक सवत जड जाते. माझ्या बारा आहेत, आणि बाराही दिवसभर माझ्याच खिडकीत तोंड घालून उभ्या."

गुरुवारी दुपारी, घोडे विसावले होते तेव्हा, वस्तादांनी चष्मा चढवला आणि परीक्षा सुरू केली. त्यांची रीत सोपी होती. पुस्तक हातात घ्यायचं आणि थेट खुरांचं प्रकरण उघडायचं. ज्याला खूर कळत नाही त्याला घोडा काय कळणार, कपाळ! पहिल्या पुस्तकात पानोपानी तट्टाला मिठी मारलेली एक गोड मुलगी. "हे घोड्याचं पुस्तक आहे का हिच्या फ्रॉकचं?" म्हणून ते बाजूला गेलं. दुसऱ्याने दौड संपल्या संपल्या पोटभर चंदी, म्हणजे दाणा, द्यायला सांगितलं होतं. ते तर वस्तादांनी दोन बोटांत धरून खाली ठेवलं. पण तपकिरी कव्हराचं एक जाडजूड पुस्तक निघालं. जनावरांच्या कुण्या डॉक्टरने लिहिलेलं. खुरांबद्दल त्याने जे लिहिलं होतं ते वाचून वस्ताद मोठ्याने म्हणायला लागले, "बरोबर! अगदी बरोबर!"

"कोणाशी बोलताय?" बायकोने आतून विचारलं.

"पुस्तकाशी."

"मग रात्रीचं जेवणही त्याच्याकडेच मागा."

हसत हसत त्यांनी पान उलटलं आणि पोटदुखीचं प्रकरण लागलं. तिथे ठळक अक्षरांत लिहिलं होतं की, पोट दुखणाऱ्या घोड्याला बाटलीने तोंडातून तेल कधीही पाजू नये. डॉक्टरने नळीने पोटात सोडलं तर गोष्ट वेगळी. बाटलीतलं तेल श्वासनळीत शिरलं तरी घोड्याला ठसका लागत नाही, ते गुपचूप फुप्फुसात उतरतं. पोटदुखी थांबते, सगळे खूश होतात. मग तीन-चार दिवसांनी ताप चढतो, नाक वाहतं, धाप लागते आणि घोडा दगावतो. लोकांना वाटतं, गारठा बाधला.

वस्तादांनी ते पान तीनदा वाचलं. चष्मा पुसला आणि चौथ्यांदा वाचलं.

अकरा वर्षांपूर्वी तबेल्यात एक पांढरी घोडी होती, मालकांच्या जिवाची. एका सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टर यायला वेळ लागणार होता. वस्तादांनी तिचं तोंड वर धरलं आणि बाटलीने तेल पाजलं. दुपारपर्यंत घोडी उभी राहून गवत खायला लागली. मालकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. चौथ्या दिवशी घोडीला ताप आला आणि सहाव्या दिवशी ती गेली.

आता एवढी मोठी घोडी गेली म्हणजे कोणाच्या तरी डोक्यावर खापर फुटायलाच हवं. तेव्हा वस्तादांचा मेहुणा, बायकोचा पाठचा भाऊ, तिथेच घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार होता. मधल्या एका दिवशी त्याने घोडीला धुऊन ओलीच वाऱ्यात बांधून ठेवली होती. "हवा लागली," असं सगळे म्हणाले. सगळ्यांत आधी वस्ताद म्हणाले. त्यांना तसंच वाटत होतं, आणि त्या गरीब माणसालाही तसंच वाटलं. त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. सामान घेऊन तो बहिणीच्या दारात आला तेव्हा ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याने इतक्या वर्षांत कमावलेलं नाव तू मातीत घातलंस. पुन्हा या दारात येऊ नकोस." आणि तिने दार लावलं. त्यानंतर भाऊ-बहिणीची भेट नाही.

आणि येत्या रविवारी त्याच मेहुण्याच्या मुलीचं लग्न होतं. पोरीने स्वतः फोन करून घरचा पत्ताही दिला होता. "आत्या, तू ये. बाबा तोंडाने म्हणणार नाहीत, पण रोज विचारतात, फोन केलास का." तेव्हापासून बायकोने ठेवणीतले कपडे चारदा पेटीतून काढले होते आणि चारदा परत ठेवले होते. तिला जायचं होतं. पण नवऱ्याचं नाव घालवलेल्या माणसाकडे नवऱ्याच्या तोंडून 'जा' आल्याशिवाय ती जाणार नव्हती. बाई तशी हट्टीच, आणि नवऱ्याच्या बाजूची तर शंभर टक्के.

वस्ताद असे कात्रीत सापडले. सांगावं, तर तबेल्यात तोंड कुठे दाखवायचं? सूनबाई ठेवतील का? खोल्या गेल्या तर या वयात कुठे जायचं? आणि न सांगावं, तर समोर ही.

शुक्रवारी त्यांनी बाकीची पुस्तकं चाळली. म्हणजे खरं सांगायचं तर ते पान नसलेली चार पुस्तकं शोधली. जी जी पुस्तकं खुरांच्या परीक्षेत पास झाली होती, त्या प्रत्येकात बाटलीची मनाई होती. मनाई नव्हती ती फक्त फ्रॉकवालीच्या पुस्तकात, चंदीवाल्यात आणि घरगुती उपायांच्या एका चोपड्यात. चोपड्यात तर बाटली कशी धरायची याचं चित्रच होतं! एकतीस वर्षं नावाजलेला माणूस चुकीची पुस्तकं निवडायला बसला होता, आणि तीही चार भरत नव्हती.

निदान बाटली तरी जाऊ दे, म्हणून त्यांनी तबेल्यातली तेल पाजायची बाटली खिळ्यावरून काढून गवताखाली लपवली. तासाभरात लंबू, म्हणजे हल्लीचा मोतद्दार, हजर. "वस्ताद, बाटली कुठंय?"

"फुटली."

"ॲल्युमिनियमची होती की!"

"मग हरवली. तुला काय करायचंय?"

लंबू पडला इमानी. संध्याकाळपर्यंत त्याने कुठून तरी नवी बाटली आणली, त्याच खिळ्याला टांगली आणि वर विचारलं, "तुम्ही शिकवलं तशीच हवी ना, लांब मानेची?" नको म्हणावं तर का नको, ते सांगावं लागणार. वस्ताद "हो" म्हणाले आणि तिथून निघाले.

शनिवारी संध्याकाळी बायकोने विचारलंच, "अहो, उद्याचं काय करू?"

"कशाचं?"

"कशाचं म्हणजे! लग्नाचं. जाऊ का?"

शब्द ओठांपर्यंत आले होते. वस्ताद म्हणाले, "तुझी मर्जी."

"माझ्या मर्जीवर असतं तर तुम्हाला विचारलं असतं का? अपमान तुमचा झालाय. तुम्ही एकदा मनापासून जा म्हणा."

"घोड्यांना पाणी दाखवून येतो," वस्ताद म्हणाले आणि बाहेर पळाले. हो, पळालेच. दुसरा शब्द नाही त्याला. 'जा' एवढंच म्हणायचं होतं, पण आपण उदार होऊन मेहुण्याला माफ करतोय, असा त्या 'जा'चा अर्थ झाला असता, आणि तेवढं मात्र त्यांच्याच्याने होईना.

रविवारी ती गेली नाही. दिवसभर खिडकीशी बसून जुन्या उशांचे अभ्रे शिवत राहिली. दुपारी एकदाच म्हणाली, "आता लागलं असेल लग्न." वस्तादांनी त्या दिवशी बाराही घोड्यांना दोनदा खरारा केला.

सोमवारी सकाळी ते सूनबाईंसमोर उभे राहिले. चार पुस्तकं टेबलावर ठेवली, तपकिरी सगळ्यांत वर. ते पान उघडलं आणि सगळं सांगून टाकलं. घोडी, तेल, मेहुणा, सगळं. सूनबाईंनी पान वाचलं. मग पुस्तक मिटलं.

"वस्ताद, बाटली आजच फेकून द्या. पुस्तक आपण ठेवू. आणि बाकीचं इथेच मिटवा. लोक विश्वासाने मुलं पाठवतात आपल्याकडे."

"आणि ज्याला काढलं तो?"

"अकरा वर्षं झाली हो. त्याला आता काय सांगणार? तुम्ही जा कामाला."

संपलं! ना ओरडा, ना नोकरीवर घाला. शिक्षा झाली असती तर सुटलो असतो, असं वस्तादांना वाटलं, आणि ते खरंच होतं. तपकिरी पुस्तक काखेत मारून ते तडक घरी गेले आणि ते पान बायकोसमोर धरलं.

तिने ओळींवर बोट ठेवत सावकाश वाचलं. 'लोकांना वाटतं, गारठा बाधला' इथे बोट थांबलं.

"हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?"

"नाही गं. तुझी शपथ."

"मग कधी कळलं?"

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. कोणालाही पत्ता लागला नसता.

"गुरुवारी."

"गुरुवारी," ती म्हणाली. "मी शनिवारी विचारलं तुम्हाला."

"हो."

"अकरा वर्षांचं मी तुम्हाला काही म्हणत नाही. दार मी लावलं, माझ्या हातांनी. तेव्हा तुम्हालाही कळत नव्हतं आणि मलाही नाही. पण पोरीचं लग्न काल होतं हो. काल!"

तिचा आवाज फाटला. तिने डोळे पुसले आणि चपला पायांत सरकवल्या.

"मीही येतो," वस्ताद म्हणाले.

"नको. मी माझ्या चुकीची माफी मागायला जातेय. तुमची तुम्ही मागा. पण मी ओढून आणलं म्हणून नाही. एकटे या."

ती गेली. वस्ताद फाटकापर्यंत धावले. मागून लंबू हाका मारत होता, चंदीची वेळ झाली होती. मेहुणा हल्ली कुठे राहतो, हे त्यांनी अकरा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं, आणि जिला विचारता आलं असतं ती रस्त्याच्या वळणावरून दिसेनाशी झाली होती.