मगरीब ते इशा

वातुलिंतांग गावाने वाहोनोला पहिल्यांदा नीट पाहिलं ते खालून. पाण्याच्या टाकीमागच्या लोखंडी खांबावर तो चढला होता, आणि चिखलाने माखलेले त्याचे तळपाय तेवढे दिसत होते. जावाच्या डोंगरातल्या या गावात मोबाइलला रेंज नव्हती. शहराकडून येणारा सिग्नल पकडणारा एक पांढरा डबा त्याने खांबावर बसवला आणि तिथून घरोघरी वायफाय पोचवलं. मग टाकीच्या सावलीत मांडीवर लॅपटॉप घेऊन तो एकेका घराला नेटवर्कमधला पत्ता नेमून देई, शेजारच्या गावाच्या सिग्नलशी टक्कर नको म्हणून चॅनल बदलून पाही. कुणी तक्रार घेऊन आलं की "बघतो हं" म्हणे, आणि खरंच बघे. मोठ्यांना नाही म्हणणं मात्र त्याला कधी जमलं नाही.

त्याची बायको सुप्राप्ती एका एजन्सीमार्फत हाँगकाँगला एका घरी कामाला होती. लेक वुलान आणि तो, दोघंच गावात.

पुढे मुलं संध्याकाळी कुराण शिकायला जाईनाशी झाली, फोन घेऊन टाकीखाली बसू लागली. मशिदीतले वडीलधारे मुहिदीन, ज्यांना सगळे आदराने 'पाक' म्हणजे बाबा म्हणत, त्यांनी बैठकीत सुचवलं, की सूर्यास्ताच्या मगरीबच्या नमाजापासून रात्रीच्या इशाच्या नमाजापर्यंत वायफाय बंद असावं. सगळ्यांनी माना डोलावल्या, वाहोनोनेही. दुसऱ्या दिवशी त्याने डब्याच्या सेटिंगमध्ये तसं वेळापत्रक घातलं.

नेमकी तीच सुप्राप्तीची घरी फोन करायची वेळ होती. मालकीण तिचा फोन कपाटात ठेवी, आणि घरची माणसं जेवायला बसली की तेवढ्यापुरता हातात देई. सुप्राप्तीने दुसरी वेळ मागून पाहिली, मिळाली नाही. तेव्हा वाहोनोने सेटिंगमध्ये गुपचूप एक ओळ वाढवली. त्याच्या एकट्या फोनला बंदी लागेना.

बांबूच्या भिंतीआड काय लपतं? शेजारची तुमिरा दुकानात चारचौघांत म्हणाली, "वायफायवाल्याच्या घरी मगरीब होतच नाही वाटतं." लोक हसले, तोही हसला. संध्याकाळी पाक मुहिदीन ओट्यावर येऊन बसले. कॉफी घेतली, मक्याची चौकशी केली, मग हळूच विषयाला आले.

"पोरा, बायकोशी बोलू नकोस असं मी कसं म्हणेन? पण तुमिराचीही लेक तैवानात आहे. किल्ली तुझ्या हातात म्हणून दार तुझ्यापुरतं उघडं, हे बरं दिसतं का?"

मग सगळ्यांनाच उघडू या, हे वाहोनोच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण म्हाताऱ्याच्या तोंडावर ते बोलायचं कसं?

"काढतो, पाक," तो म्हणाला, आणि त्यांच्यादेखतच ती ओळ काढली.

सुप्राप्तीला त्याने निरोप धाडला, थोडे दिवस कळ काढ, बैठकीत विषय काढतो. तिचं उत्तर आलं, "बरं, मास." नवऱ्याला ती मास म्हणे. त्यानंतर बैठका झाल्या. तो चपलांजवळ मागे बसला आणि न बोलता उठून आला.

एका संध्याकाळी इशा झाली, वायफाय सुरू झालं आणि अडून राहिलेले तिचे निरोप एकामागून एक पडू लागले. "मास, आहेस का?" "छातीवर जातं ठेवल्यासारखं होतंय. मालकीण म्हणते सकाळी बघू." "एजन्सीच्या बाईंना फोन कर ना, त्यांचं ऐकतील." शेवटी नुसतंच "मास".

त्याने तिला फोन लावला, कुणी उचलला नाही. मग एजन्सीच्या हाँगकाँगमधल्या बाईला लावला. ती भली होती, ताबडतोब निघाली. ती पोचली तेव्हा सुप्राप्ती स्वयंपाकघराच्या जमिनीवर पडली होती, जीव गेलेला होता. डॉक्टरांनी कारण हृदयाचं दिलं. आधी कळलं असतं तर वाचली असती का, हे कुणालाच सांगता येईना, त्यामुळे जो तो आपल्याला सोसेल तेवढं बोलला.

दफनानंतरच्या बैठकीत पाक मुहिदीन रडले. म्हणाले, "चूक माझी झाली. ती बंदी उठव, पोरा."

"तुम्ही विचारायला आला होतात, पाक," वाहोनो म्हणाला. "मीच बोललो नाही." त्याने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला, पासवर्ड सांगितला आणि लेकीचा हात धरून बाहेर पडला.

गावाचं वायफाय आता शहरातली एक कंपनी चालवते. वाहोनो तालुक्याच्या बाजारात मोटारसायकलींची पंक्चरं काढतो. वुलान त्याच्याजवळच असते, यंदा सातवीत आहे.