ग्राफिक्स कार्डाची साग्रसंगीत पूजा

माझ्या हातून गाढवपणा होणं ही आमच्या घरात बातमी नसते. पण या खेपेचा गाढवपणा मी सकाळी आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून, मनोभावे केला. म्हणून सांगण्यासारखा आहे. चहा घ्या, सांगतो.

मी लग्नाच्या फिल्म एडिट करतो. ऑफिस म्हणजे उलव्याच्या आमच्या फ्लॅटमधली लहान बेडरूम, आणि ऑफिसातली एकमेव किमती वस्तू म्हणजे कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड. पडद्यावर नवरानवरी हलतात ती त्याच्या जिवावर. माझी बायको मेघना म्हणते, "मला ताप आला तर तुम्हाला चौथ्या दिवशी कळतं, कार्ड जरा गरम झालं की घरभर फिरता." खोटं नाही.

दसऱ्याला मी दरवर्षी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला बाहेरून हळदकुंकू लावून मोकळा व्हायचो. यंदा मनात आलं, राबतं कोण? कार्ड. आणि पूजा कोणाची? पत्र्याच्या डब्याची. हा अन्याय नाही का? मग मी कॅबिनेट पाटावर आडवा घातला, बाजूचं झाकण काढलं आणि थेट कार्डाची पूजा मांडली. झेंडू वाहिला, आपट्याचं पान वाहिलं, वर कुंकवात माखलेल्या अक्षता. हात अजिबात आखडता घेतला नाही.

"अहो, तांदूळ आत जातायत," मेघना म्हणाली.

"आतच पोचवायचेत," मी म्हणालो.

मग फुलंपानं उचलली, झाकण लावलं, कॅबिनेट उभा केला आणि श्रीखंडपुरीकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालू केला तर आतून खरखर. थोड्या वेळाने पडद्यावर हिरव्या-गुलाबी रेघा, आणि मग अंधार. आणि हातात काम होतं ते समोरच्या फ्लॅटमधल्या इक्बालभाईंचं. फिल्म जोडून झाली होती, फक्त कॉम्प्युटरमधून बाहेर काढायची राहिली होती. त्यांची मुलगी निलोफर लग्न होऊन रविवारी संध्याकाळी नवऱ्याबरोबर दुबईला जायची होती. इक्बालभाईंची आई, अम्मी, पाय मोडल्यामुळे गावच्या लग्नाला जाऊच शकली नव्हती. तिचा एकच हट्ट होता, नातीला शेजारी बसवून तिचं लग्न बघायचं. रविवार चुकला तर फिल्म असेल, पण शेजारी नात नसेल.

"सुहास, टेन्शन नको घेऊ," इक्बालभाई म्हणाले. "पण अम्मी रोज विचारते रे, झाला काय पिक्चर?"

असं म्हटल्यावर माणसाला टेन्शन येणार नाही तर काय होईल?

मी सॉफ्टवेअर काढून परत घातलं. केबल बदलली. उपयोग शून्य. शेवटी रिक्षात घालून वाशीच्या दुकानात नेलं. दुकानदाराने हळदकुंकू पाहून आधी नमस्कार केला, मग कॅबिनेट काउंटरवर आडवाच ठेवून चालू केला. आणि कार्ड असं गुमान चाललं की मीच खोटा पडलो. "एकदम ओके आहे, साहेब," तो म्हणाला. घरी आणून उभा केला, परत खरखर, परत रेघा.

आता तुम्हीच विचार करा. वाशीत चालतं, उलव्यात चालत नाही. याचा अर्थ काय? मी खिडकीतून वर बघितलं. एक विमान चाललं होतं. डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझी खोली विमानतळाच्या बाजूला, विमानांच्या काही लहरीबिहरी येत असणार. मी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर तसं टाकलं. तासाभरात कोणाचा मिक्सर, कोणाचा फ्रीज आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा गुडघा, सगळे विमानांमुळेच बिघडल्याचं सिद्ध झालं. सेक्रेटरींनी चक्क मीटिंग लावली.

तरी खबरदारी म्हणून मी आणखी एकदा झाकण काढून पूजा केली. पहिल्या वेळी काही कमी राहिलं असेल, म्हणून अक्षता दुप्पट.

रविवारी सकाळी मी निर्णय घेतला. इक्बालभाईंचा हॉल इमारतीच्या दुसऱ्या बाजूला, तिथे लहरी पोचणार नाहीत. कॅबिनेट उचलून त्यांच्याकडे नेला, उभा केला आणि टीव्हीला जोडला. पाहुणे जमले होते, आत बिर्याणीला दम लागला होता. अम्मी खुर्चीत, निलोफर तिला खेटून. फिल्म सुरू झाली, नवरदेव हसला, आणि त्याच्या हसऱ्या तोंडावरून हिरव्या-गुलाबी रेघा धावल्या. मग अंधार. निलोफरचे डोळे भरून आले. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आतून कायतरी वाजतंय," इक्बालभाई म्हणाले. "उघडून तर बघ."

प्लग काढला, झाकण काढलं, कार्ड बाहेर घेतलं आणि उलटं केलं. त्याच्या पंख्यातून टपटप तांदूळ. लाल तांदूळ. पडतायत ते पडतच आहेत. शेवटी झेंडूची एक पाकळीही तरंगत आली. कॅबिनेट उभा केला की अक्षता पंख्यात उतरायच्या, आडवा ठेवला की बाजूला व्हायच्या. विमानं बिचारी आपल्या वाटेने चालली होती.

अम्मीने एक दाणा उचलून निरखला. "सुहास, तांदूळ आमच्या घरात होते रे बाबा. तू कशाला आणलेस?"

हॉल हसून लोटपोट. मेघना सर्वांत जास्त.

ब्रशने पंखा साफ केला, कार्ड बसवलं आणि फिल्म न अडखळता चालली. निरोपाच्या वेळी पडद्यावरची निलोफर रडली, खुर्चीजवळची रडली आणि अम्मीने दोघींचे डोळे पुसायला पदर घेतला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. बिर्याणी दोनदा वाढून घेतली.

जेवणं झाल्यावर अम्मीने मीठ-मिरची मागवली. "एवढी गुणाची मशीन, नजर लागली असंल. उतरवते." आणि मुठीसकट हात उघड्या कॅबिनेटवर नेला.

आम्ही सगळेच ओरडलो. इक्बालभाईंनी तिचा हात हलकेच धरला आणि माझ्याकडे वळवला.

"अम्मी, मशीनला काय नाय झालेलं. ह्याची उतरव."

तिने उतरवली, चांगली सावकाश. मी मान खाली घालून बसलो. आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून कार्ड एकदाही बिघडलेलं नाही.