झालरीचं टर्मिनल

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा बाटल्यांची झाकणं बनवायचा कारखाना होता. ‘आमचा’ म्हणजे साहेबांचा. मी तिथे टायपिस्ट. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा तिथे कॉम्प्युटर आला. तो वरच्या मजल्यावर एसीत बसला, कारण एसी कामगारांना सोसत नाही असं साहेबांचं मत होतं. खाली स्टोअरमध्ये त्याचं टर्मिनल लागलं: एक पडदा, एक कीबोर्ड आणि जिन्यातून वर गेलेली केबल. मालाची आवक-जावक त्यावर मी टाकायची. नीट जमलं तर ऑपरेटर म्हणून कायम, नाहीतर साहेबांचा भाचा होताच. बी.कॉम.ला बसून बसून तो आता नुसताच बसायला मोकळा होता.

जोडणी मीच केली, इंजिनीअरने फोनवर सांगितली तशी. केबल खोचली, सेट-अपमध्ये जाऊन वर-खाली दोन्हीकडचा माहिती पाठवायचा वेग एकच केला, तेव्हा कुठे पडद्यावरचा कचरा जाऊन अक्षरं आली.

“बघा, किती सोपं असतं,” साहेब म्हणाले. ते चहा पीत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून कव्हर आणलं. मरून रेक्झिन, कडेने पांढरी झालर, पडद्यापुरती खिडकी. वहिनींनी घरच्या टीव्हीला शिवलं होतं तसंच.

“काढायचं नाही हं. खिडकीतून काम करा. धूळ किती आहे इथे!”

धूळ होतीच. इतकी वर्षं ती आमच्या नाकात जात होती, पण आम्हाला कुणी झालर लावली नव्हती.

त्याच दिवसापासून टर्मिनल जेवणानंतर बंद पडू लागलं. पडदा थरथरायचा, आक्रसायचा आणि काळा व्हायचा. टेलिफोनवर बसणारी माझी मालवणी मैत्रीण डोकावून विचारायची, “काय गो, निजलो काय तुझो घोव?”

“निजला माझा नवरा. तुझ्यासारखाच, जेवला की डोळे मिटतात.”

अंधेरीहून इंजिनीअर आला. तो येणार म्हणून साहेबांनी कव्हर काढून केबिनमध्ये घडी करून ठेवलं. लोक पाहुण्यांसाठी चांगली चादर घालतात; आमच्याकडे काढायची पद्धत होती, मळते म्हणून. इंजिनीअरने वर मेमरी आणि डिस्क तपासली, खाली टर्मिनलची सेल्फ-टेस्ट लावली, केबलही तपासली. सगळीकडे ‘पास’.

“मशीन ओके आहे, सर. ऑपरेटरला जरा सांभाळून वापरायला सांगा.”

तो गेला, कव्हर चढलं, पडदा काळा झाला. पुढच्या फेरीतही तेच.

“बायकांच्या हाताला मशीन मानवत नाही,” साहेबांनी निदान केलं. “आता परत ओके निघालं, तर भाचा बसेल.”

मी कव्हरवर हात ठेवला. मशीनच्या डोक्यावरच्या जाळीला रेक्झिन चिकटलं होतं, तव्यासारखं गरम. पण वहिनींची झालर मशीनचा जीव घेतेय, हे साहेबांना सांगणार कोण? मी नाही. मला नोकरी हवी होती, शहाणपणाचं बक्षीस नको होतं.

इंजिनीअर पुन्हा यायच्या दिवशी मी म्हटलं, “सर, या वेळी कव्हरसकटच दाखवू या ना. वहिनींचं काम बघू दे की त्यांना.”

साहेब खूश. मी सकाळपासून मशीन चालूच ठेवलं होतं. इंजिनीअरने सेल्फ-टेस्ट पुन्हा पुन्हा चालेल अशी लावली. ओळींमागून ओळी आल्या, थरथरल्या, आणि अंधार. त्याने झालर उचलून आत हात घातला आणि झटकन मागे घेतला.

“अहो, हे श्वास कुठून घेणार? मशीन आहे की इडलीपात्र? कुणी शिवलंय हे?”

मी साहेबांकडे पाहिलं. दारातून मैत्रीणही पाहत होती.

“बाजारातून आणलं,” साहेब म्हणाले. “हल्ली काय वाट्टेल ते विकतात.”

एका वाक्यात सगळा संसार बाजारात गेला.

सोमवारी त्यांनी मला कायम केलं. “भाच्याला तसा या लाइनमध्ये इंटरेस्ट नाही,” ते म्हणाले, “शिवाय तुमचा हातही आता बसलाय.”

मी ‘थँक यू, सर’ म्हटलं आणि तुंबलेली आवक टाकायला बसले.