आधी उतरणारे, मग चढणारे

चार माणसं रोज एकाच जागी तासभर ताटकळली की किस्से आपोआप साठतात. त्यासाठी कुणी हुशार असावं लागत नाही. मी आठ वर्षं एका घाटावर ताटकळलो. वर्गात काय शिकवलं ते आता आठवत नाही, पण घाटावर कोण कुणाला काय बोललं ते सगळं पाठ आहे!

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. मी मूळचा अर्धापूरचा, केळीच्या बागेतला माणूस. नेमणूक मिळाली शिरूर अनंतपाळच्या बाजूला, एका वाडीच्या शाळेत. खोली घेतली अलीकडच्या गावात. मधे तलावाचं पाणी, आणि पाण्यावर एकच नाव. नावेचे मालक दगडूमामा. रोजचे प्रवासी म्हणजे मी, पोस्टमन गफूरभाई, दवाखान्याच्या सिस्टर, आणि मग बाजाराची, शेताची, पाव्हण्यारावळ्यांची गर्दी. एका खेपेला बारा-पंधरा माणसं मावत. उरलेल्यांनी नंबर लावायचा.

पहिल्याच दिवशी मी घाई केली. नाव काठाला लागली न लागली तोच पिशवी छातीशी धरून उडी मारली. त्याच वेळी आतून एक बाई डोक्यावर पाटी घेऊन उतरत होती. ती वाचली. मी कमरेपर्यंत पाण्यात!

दगडूमामांनी मला हात देऊन वर काढलं आणि एकदम अदबीनं विचारलं, "गुरुजी, शाळा सुटल्यावर पोरं दारातनं भाईर येत आसतेत, तवा तुमी आत घुसता का?"

आधी उतरणारे, मग चढणारे. घाटाचा हा एकुलता एक कायदा मी ओल्या पँटीत शिकलो.

•

कायदा पाळूनही त्रास देणारी माणसं असतातच. त्यातली सगळ्यात वाईट जात म्हणजे ऐन उतारावर येऊन तयारी करणारी.

एकदा एक पाव्हणा राजदूत मोटारसायकल घेऊन आला. बरोबर मधोमध गाडी उभी केली. मागे वीसेक माणसं. त्यानं सावकाश कॅरियरची दोरी सोडली, बॅग नीट केली, पुन्हा दोरी बांधली. नाव येऊन थांबली, तरी याचं चाललेलंच. मग खिशातून कंगवा काढला आणि गाडीच्या आरशात बघून भांग पाडायला लागला.

गफूरभाई पोस्टाची पिशवी सावरत पुढे झाले. म्हणाले, "ओ दुल्हेमियाँ, शादी उधर है! इधरच कायको सजके खडे?"

सगळा घाट हसला. पाव्हणा लाजला नाही. म्हणाला, "शादी न्हाई हो. पोरगी बघायला चाललोय."

"फिर तो और पाच मिनट लेव," गफूरभाई त्याच्याकडे निरखून बघत म्हणाले. "जरूरत है."

•

शेळ्या माणसांत धरायच्या की सामानात, यावर घाटावर जितका काथ्याकूट झाला तितका तालुक्याच्या कचेरीतही झाला नसेल. एक म्हातारी चार शेळ्या घेऊन यायची आणि म्हणायची, "माझे पाच नंबर." कुणी हरकत घेतली की म्हणायची, "त्या उभ्या ऱ्हात्यात का न्हाई रांगंत? तुज्यापेक्षा सरळ उभ्या हायत!"

आणि हे खरंच होतं.

एका दुपारी यातल्याच एका शेळीनं गफूरभाईंच्या पिशवीत तोंड घातलं. लक्षात येईपर्यंत एक लांबट पाकीट निम्मं पोटात गेलं होतं. वाडीतल्या एका माणसाला आलेली कोर्टाची नोटीस! गफूरभाईंचा चेहरा पांढराफटक. इतक्या वर्षांच्या नोकरीत एक कार्ड इकडचं तिकडं झालं नव्हतं. उरलेला तुकडा घेऊन ते त्या माणसाच्या दारात गेले, झालं ते सगळं सांगितलं आणि मान खाली घालून उभे राहिले. त्या माणसानं तो तुकडा उलटसुलट करून बघितला.

आठवड्यानं तो घाटावर आला. काखेत हिरव्यागार घासाची पेंढी. दुष्काळाचे दिवस, हिरवं पान बघायला मिळत नव्हतं. गफूरभाईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "भाई, ती शेळी कोन्त्या वारी येती?"

•

दुसऱ्या वर्षीही पाऊस झाला नाही. पाणी दर आठवड्याला मागे सरकायचं आणि घाट त्याच्या मागे मागे. सोमवारी जिथं नावेत बसलो तिथं शनिवारी बैल उभे असायचे. मधे उरला तो गुडघाभर चिखल.

त्या चिखलानं कितीजणांच्या चपला खाल्ल्या त्याची गणती नाही. सिस्टर तर चपला पिशवीत घालूनच निघायच्या. पण एका लग्नात नवरदेवाला कुणी हे सांगितलंच नाही. नवे कोरे बूट, पांढरी पँट. पल्याड उतरला, चार पावलं टाकली, पाचव्याला पाय वर आला तो मोज्यासकट मोकळा. दुसऱ्या पायाचीही तीच गत. दगडूमामांनी कोपरापर्यंत हात घालून बघितलं. बूट नाहीतच!

काठावर करवल्या नवरदेवाचे बूट लपवायला टपून बसल्या होत्या. अनवाणी नवरदेव बघून थोरलीचं तोंड रडवेलं झालं.

"दाजी," ती म्हणाली, "आमच्या आधी कुनी हात मारला?"

•

आणि अशात आमच्या घाटाला रॅम्प मंजूर झाला.

नवा जिल्हा, नवी कामं. एक साहेब मागे कधीतरी, पाणी भरपूर असताना, टेप लावून माप घेऊन गेले होते. त्याच मापानं सिमेंटचा लांबरुंद उतार तयार झाला. काम चोख झालं होतं, खोटं कशाला बोला. फक्त त्याच्या खालच्या टोकापासून पाणी दोन शेतं लांब होतं.

उद्घाटनाला साहेब आले. जीप रॅम्पवरच लावली, त्यामुळे माणसं खाली धोंड्यांत उभी. नारळ फुटला, फीत कापली. साहेब टाळ्यांच्या गजरात रॅम्पवरून तोऱ्यात खाली उतरले आणि टोकाला येऊन थांबले. समोर भेगाळलेली जमीन. त्यांनी डोळ्यांवर हात धरून लांबवर बघितलं.

"पाणी कुठंय?"

दगडूमामा हात जोडून म्हणाले, "सायेब, जिल्हा वायला निगाला न्हवं, तवा वाटनीत पानी जुन्या जिल्ह्याकडं गेलं जनू."

रॅम्प वाया गेला नाही, एवढं मात्र मी सांगीन. बायकांनी त्यावर कुरडया-पापड वाळत घातले. इतकी स्वच्छ आणि तापलेली जागा गावात दुसरी नव्हती. महिनाभर आम्ही सगळे बाजूच्या धोंड्यांतून ठेचकाळत घाटावर जात होतो. चुकून कुणी सिमेंटवर पाय ठेवला की ओरडा व्हायचा, "ओ गुरुजी! ती जायची वाट हाय व्हय?"

•

आता सोपानतात्यांचं सांगतो.

तात्या मी राहायचो त्या गावच्या बौद्धवाड्यातले. वय सत्तरीपुढं. पल्याड त्यांचा एकरभराचा तुकडा होता, तिकडे रोज जायचे. नंबर लावायला लोक रांगेत दगड ठेवत, पिशवी ठेवत, आणि स्वतः झाडाखाली जाऊन बसत. तात्या कधी बसले नाहीत. उन्हात काठी टेकून उभे. त्यांचं वय बघून कुणी म्हणालं, "तात्या, जावा पुढं," तर म्हणायचे, "नगं. माजा नंबर यिऊन ऱ्हायला की."

मी एकदा म्हटलं, "तात्या, दगड ठेवा आणि सावलीला बसा. सगळेच तसं करतात."

ते हसले. "गुरुजी, आमच्या लहानपनी आडावर नंबर न्हवता. लांब उभं ऱ्हायचं. कुनाच्या मनात आलं तर त्यानं वरनं पानी वताचं. हितं नंबर हाय. मंग उभं ऱ्हायला काय जातं?"

मी बौद्धाच्याच घरातला. माझ्या वडिलांनीही मला हे सांगितलं होतं. पण त्यांच्या सांगण्यात राग होता. तात्या मजेत सांगत होते.

त्या उन्हाळ्यातच तात्या गेले. माती त्यांच्या शेतात द्यायची ठरली. सकाळी आम्ही नावेची वाट बघत होतो. रांगेत मी तिसरा, माझ्यामागे गफूरभाई, सिस्टर आणि बाजाराची माणसं. एका नावेत बसतील एवढी, म्हणजे ती खेप आमची. गावाकडून पांढऱ्या कपड्यातली माणसं येताना दिसली, वंदनेचा आवाज ऐकू आला. आम्ही सगळे बाजूला झालो. वाट मोकळी केली. नाव लागलेलीच होती.

तिरडी पुढे निघाली, तशा तात्यांच्या बायको गयाबाई म्हणाल्या, "थांबा."

खांदेकरी थांबले.

"हे लोक आदी आलेत. आपून मागं उभं ऱ्हाऊ."

सिस्टर जवळ गेल्या. "आजी, असं कुठं असतंय का? आज तरी जाऊ द्या त्यांना पुढं."

गयाबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज हलला नाही. "जल्मभर कुनाच्या मधी घुसले न्हाईत, बाई. आज मी घुसवू? नंबर यिऊ द्या त्यांचा."

तिरडी रांगेच्या शेवटी गेली. दगडूमामांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही एकमेकांकडे. मी पाय उचलला नाही. गफूरभाई हळूच म्हणाले, "मैयत को पीछे छोडके कौन बैठेगा, मामा?" कुणीच बसलं नाही. ऊन चढत होतं. खांदेकऱ्यांनी दोनदा खांदे बदलले. बाजाराच्या बायकांनी पाट्या खाली ठेवल्या होत्या.

मग दगडूमामांनी वल्हं उचललं आणि रिकामी नाव लोटली.

ती पल्याड जाईपर्यंत सगळे नुसते बघत राहिले. मामांनी नाव त्या काठाला टेकवली, क्षणभर थांबले, आणि तशीच रिकामी फिरवून परत आणली. घाम पुसला.

"झाली एक खेप," ते म्हणाले. "आता कुनाचा नंबर?"

गयाबाई पुढे आल्या.

"आमचा," म्हणाल्या.