अजीज पिंजाऱ्याचे सात आणि तीन

"दहामातून सात खेप पाणी येस, तीन खेप नही, आजना दिन कोणत्यामाना, ते मन्ही तातले इचारू नका."

नंदुरबारच्या अजीज पिंजाऱ्याचं हे बोलणं मिरचीच्या व्यापाऱ्यांना पाठ होतं आणि एकालाही आवडत नव्हतं. कापूस पिंजायच्या त्याच्या धनुष्याला आतड्याची तात होती. हवा कोरडी असली की ती खणखणे. ओल चढली की तिचा घसा बसे. तात बसली की दोन दिवसांत पाऊस. बहुतेकदा. या 'बहुतेकदा'वर अजीजचा जीव होता. बावीस वर्षं तो त्याच्यावर नजर ठेवून होता.

गावाबाहेर लाल मिरची वाळत पडलेली असे. एका सरीत ती डागाळून जाई. म्हणून व्यापारी सकाळी त्याच्या दुकानाच्या पायरीवर येत. वर्तमानपत्रात 'खानदेशात काही ठिकाणी पाऊस संभवतो' असं छापून येई, तेव्हा प्रत्येक जण आपलं ठिकाण त्यातून वगळून मोकळा होई. अजीजकडे तशी सोय नव्हती. सात ऐकले की लोक उठून जात. तीन दुकानातच पडून राहत, कापसाच्या कचऱ्यासारखे.

छत्तीस सालच्या हिवाळ्यात तात खणखणत होती. दहापैकी सातदा कोरडं राहतं, असं अजीजने मिरचीचा व्यापारी बन्सीलाल याला सांगितलं. बन्सीलालने सगळी मिरची उन्हात पसरली. दुसऱ्या दुपारी पाऊस आला. भिजलेल्या मिरच्यांची मूठ घेऊन तो दुकानात शिरला आणि मग सात कशाला सांगितले, म्हणून त्याने विचारलं.

"तीन बी सांगेल व्हतात," अजीज म्हणाला आणि पिंजत राहिला.

त्यानंतर बन्सीलालच्या घरच्या गाद्या पिंजायला थेट नवापूरला जाऊ लागल्या. महिना उलटला तरी दोघांत शब्द नव्हता.

मग अजीजची बायको अख्तरबानो तापाने पडली. कुशीत कळा, धाप, डोळे कुठेतरी लांब. डॉक्टरांनी घरी येऊन छाती तपासली, न्यूमोनिया म्हणाले, नवव्या दिवशी ताप उतरतो की नाही ते कळेल, तोवर वाट पाहायला सांगितली. आठव्या सकाळी औषध आणायला निघण्याआधी अजीजने कापूस नसलेल्या तातीवर एक टोला हाणला. आवाज खणखणीत आला. त्याचा अर्थ पाऊस नाही एवढाच, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी त्याने आणखी एकदा हाणला.

दवाखान्यात बाकावर पाच-सहा जण होते. अजीजने थेट विचारलं, ती वाचेल की नाही.

डॉक्टर म्हणाले, "अशा दहा रोग्यांतले सात उठतात."

"मन्ही अख्तर सातमा शे का तीनमा?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही."

एवढं शिकून हो की नाही सांगता येत नसेल, तर गळ्यात ती नळी कशाला घातली, असं अजीज म्हणाला. म्हणता म्हणता त्याला कळलं, की ही तक्रार आपली नाही. ती बावीस वर्षं आपल्या पायरीवर येऊन बसत होती.

बाकावरून खाकरल्याचा आवाज आला. डोळ्यांत मिरचीचा खकाणा गेल्यामुळे दोन्ही डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या बांधून बन्सीलाल तिथे बसला होता. त्याने आवाज ओळखला होता. अजीजला सुनावण्यासाठी महिनाभर घोकून ठेवलेलं उत्तर द्यायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. बाकावरचे सगळे आता मान वळवून त्याच्या तोंडाकडे पाहू लागले.

"सातमा शे," बन्सीलाल म्हणाला. "मी सांगस ना, अजीजभाई. सातमाच शे."

हे कशावरून, असं डॉक्टरांनी विचारलं. बांधलेल्या डोळ्यांनी बन्सीलाल भलत्याच दिशेला वळला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाला, की साहेबांनी जरा गप बसावं.

कशावरून, हा तर अजीजचाच प्रश्न. तो त्याच्या ओठांपर्यंत आला. त्याने टेबलावरची औषधाची बाटली उचलली, अंगठ्याने बूच घट्ट दाबलं, आणि घराकडे निघाला.